सही आणि राजीनामा

शाळेच्या इतिहासात काही माणसे जोडनावानेच भेटतात. ‘मोर्ले-मिंटो सुधारणा, १९०९’ हे त्यांतले एक. आम्ही ते ‘टिपा लिहा’ या प्रश्नासाठी पाठ केले, पाचापैकी तीन गुण मिळवले आणि विसरून गेलो. मोर्ले कोण, मिंटो कोण, त्यांतला लंडनला कोण बसत होता आणि कलकत्त्याला कोण, हे विचारण्याची आमची प्राज्ञा नव्हती आणि सांगण्याची मास्तरांना सवड नव्हती.

बँकेच्या नोकरीतून मोकळा झाल्यावर जुनी चरित्रे वाचण्याचा नाद लागला. त्या वाचनात या जोडनावातले पहिले गृहस्थ मला पुन्हा भेटले, आणि भेटले ते अगदी निराळ्या प्रसंगी. ऑगस्ट १९१४ मध्ये इंग्लंड महायुद्धात उतरत असताना पंचाहत्तर वर्षांचे जॉन मोर्ले मंत्रिमंडळातून उठून घरी गेले. आपल्या देशाने या युद्धात पडू नये असे त्यांचे मत होते. ते मत पक्षाला मानवले नाही, तेव्हा त्यांनी खुर्ची सोडली. कोणावर चिखलफेक केली नाही, सभा घेतल्या नाहीत.

वाचून मन भरून आले. आणि मग आठवले की, १९०८ साली लोकमान्य टिळकांना सहा वर्षांसाठी मंडालेला धाडले गेले, तेव्हा भारतमंत्रिपदावर हेच मोर्ले बसले होते. ही दोन वाक्ये एकाच माणसाच्या चरित्रात कशी नांदतात, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला आहे.

धर्मोपदेशक व्हायचे, झाले पत्रकार

जॉन मोर्ले यांचा जन्म २४ डिसेंबर १८३८ चा, लँकशायरमधल्या ब्लॅकबर्न या कापड गिरण्यांच्या गावातला. वडील शल्यवैद्य. मुलाने धर्मोपदेशक व्हावे ही त्यांची इच्छा. मुलगा ऑक्सफर्डला गेला आणि तिथे त्याची श्रद्धाच उडाली. पोटी विश्वास नसताना अंगावर झगा चढवायचा, हे त्याला जमेना. वडिलांशी बिनसले, घरून येणारे पैसे थांबले, साधी पदवी पदरात पाडून त्याने ऑक्सफर्ड सोडले आणि लंडनला येऊन लेखणीवर पोट भरू लागला. या माणसाचा पहिला राजीनामा तो हाच, असे म्हणायला हरकत नाही.

१८६७ मध्ये, तिशीही गाठली नव्हती तेव्हा, ते ‘फोर्टनाइटली रिव्ह्यू’चे संपादक झाले आणि पुढची पंधरा वर्षे त्यांनी हे नियतकालिक इंग्लंडमधल्या स्वतंत्र विचारांचे व्यासपीठ बनवले. जॉन स्टुअर्ट मिल हे त्यांचे गुरू. व्हॉल्टेअर, रूसो, दिदरो, बर्क यांच्यावर त्यांनी ग्रंथ लिहिले. इंग्रजीत ईश्वराचे नाव मोठ्या अक्षराने सुरू करण्याचा रिवाज. मोर्ले ते लहान अक्षराने छापतात म्हणून त्या काळी मोठा गहजब झाला होता, असे सांगतात.

१८७४ मध्ये त्यांचे ‘ऑन कॉम्प्रोमाइज’ हे छोटे पुस्तक आले. तडजोड कुठे करावी आणि कुठे करू नये, एवढाच त्याचा विषय. मत बनवणे, मत सांगणे आणि मत अमलात आणणे या तीन पायऱ्या त्यांनी निरनिराळ्या केल्या. अमलात आणताना थांबावे लागते, चार माणसांना बरोबर घ्यावे लागते. तिथे तडजोड क्षम्य. पण मत बनवताना सोयीकडे पाहायचे नाही आणि सांगताना खोटे बोलायचे नाही. आपल्याकडे या पुस्तकाला फार मोठा वाचकवर्ग लाभला. महादेवभाई देसाई यांनी त्याचा गुजराती अनुवाद केला आणि त्याला ‘सत्याग्रहनी मर्यादा’ असे नाव दिले. गांधीजींकडे येण्यापूर्वी महादेवभाई मुंबईत सहकारी बँकेच्या नोकरीत होते, हा तपशील एका जुन्या बँकवाल्याला सुखावून जातो, हे कबूल केले पाहिजे.

लोकांच्या रोषाची किंमत

परक्या देशातल्या युद्धाला विरोध करणाऱ्याचे काय होते, हे मोर्ले यांना फार आधीपासून ठाऊक होते. १८८१ मध्ये त्यांनी रिचर्ड कॉब्डेन यांचे चरित्र लिहिले. कॉब्डेन आणि जॉन ब्राइट या जोडीने १८५४ च्या क्रिमियन युद्धाला उघड विरोध केला होता. धान्यावरचे कर उठवणारे म्हणून ज्यांना लोकांनी डोक्यावर घेतले होते, त्याच दोघांना १८५७ च्या निवडणुकीत लोकांनी घरी बसवले. पुढे युद्ध निरर्थक होते हे बहुतेकांनी मान्य केले. पण मतपेटी आधी उघडली होती.

१८८३ मध्ये मोर्ले पार्लमेंटात गेले. ग्लॅडस्टनचे ते निकटचे सहकारी झाले आणि आयर्लंडच्या स्वराज्यासाठी झगडले. आयर्लंडमध्ये खटला न चालवता माणसे डांबणाऱ्या कायद्यांवर त्यांनी कडाडून टीका केली. १८८६ मध्ये आणि पुन्हा १८९२ ते १८९५ या काळात ते स्वतःच आयर्लंडचे मुख्य सचिव होते. देवभोळ्या ग्लॅडस्टनचे तीन खंडांतले चरित्र १९०३ मध्ये या नास्तिक शिष्याने लिहिले आणि ते आजही वाचले जाते.

१८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर लोकांशी युद्धाची तयारी सुरू झाली. सप्टेंबरात मँचेस्टरच्या सभेत मोर्ले उभे राहिले आणि सोन्याच्या खाणींच्या देशात चाललेले हे युद्ध अन्यायाचे ठरेल, असे त्यांनी बजावले. त्यांचा उदारमतवादी पक्ष दुभंगला. युद्धविरोधकांना शत्रूचे हस्तक म्हटले गेले. याच गटातल्या तरुण लॉइड जॉर्जना १९०१ मध्ये बर्मिंगहॅमच्या सभेतून पोलिसाचा गणवेश चढवून निसटावे लागले. इंग्रजांनी बोअर बायकामुलांना ज्या छावण्यांत कोंडले, तिथे वीस हजारांहून अधिक जीव रोगराईने गेले. काळ्या लोकांच्या वेगळ्या छावण्यांत मेले ते आणखी हजारो. विरोधक खरे ठरले, पण तोवर कबरी खणून झाल्या होत्या.

हे नाव लक्षात ठेवावे : लॉइड जॉर्ज. ते पुढे पुन्हा येणार आहे.

इंडिया ऑफिसातली पाच वर्षे

डिसेंबर १९०५ मध्ये उदारमतवाद्यांचे सरकार आले आणि मोर्ले भारतमंत्री झाले. आपल्याकडच्या नेमस्तांना केवढा आनंद झाला असेल, याची कल्पना करावी. मिलचा शिष्य, बर्कचा भाष्यकार, आयर्लंडचा कैवारी हिंदुस्थानच्या कारभारावर आला होता! त्याच महिन्यात बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या नामदार गोखल्यांनी तो आनंद भाषणात बोलून दाखवला. १९०६ च्या उन्हाळ्यात ते लंडनला जाऊन मोर्ले यांना अनेकदा भेटले. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातला हा प्राध्यापक मोर्लेंचे ग्रंथ वाचून वाढला होता. गुरूच्या घरी शिष्याने जावे तशी ही भेट.

गुरूने आदराने बसवून घेतले, सारे ऐकले. पण वंगभंग ही आता पक्की झालेली गोष्ट आहे, असे त्यांनी १९०६ मध्येच पार्लमेंटात सांगून टाकले. मे १९०७ मध्ये लाला लजपतराय आणि अजितसिंग यांना १८१८ च्या जुन्या रेग्युलेशनखाली, खटल्याविना, मंडालेला नेण्यात आले. पार्लमेंटात उभे राहून त्याचे समर्थन करण्याची पाळी आली ती आयर्लंडमधल्या अशाच कायद्यांवर तुटून पडलेल्या मोर्ले यांच्यावर. त्यांनी ते केले. सहा महिन्यांनी दोघांना सोडण्यात आले. डिसेंबर १९०८ मध्ये बंगालचे नऊ पुढारी याच रीतीने उचलले गेले.

आणि मधे १९०८ चा जुलै. मुझफ्फरपूरच्या बाँबनंतर ‘केसरी’त आलेल्या लेखांबद्दल टिळकांवर मुंबईत राजद्रोहाचा खटला चालला. ज्यूरीत सात युरोपियन, दोन पारशी. निकाल सातास दोन. २२ जुलैच्या रात्री न्यायमूर्ती दावरांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. दुसऱ्या दिवशी टिळकांना बावन्न वर्षे पूर्ण होत होती. गिरणगावातले कामगार सहा दिवस कामावर गेले नाहीत. सरकारने गोळ्या झाडल्या, माणसे मेली.

खटला भरण्याचा निर्णय मुंबई सरकारचा होता आणि मोर्ले यांना तो आवडला नव्हता. खासगी पत्रांतून त्यांनी तसे कळवले. लेख लिहिल्याबद्दल, भाषण केल्याबद्दल अशा अवाढव्य शिक्षा दिल्या तर लोक बाँबकडेच वळतील, ही चिंता त्यांनी व्हाइसरॉय मिंटो यांनाही लिहिली. पत्रे उत्तम आहेत. पण जाहीरपणे ते सरकारच्या पाठीशी राहिले आणि टिळक मंडालेला गेले.

मोर्ले यांनी काहीच चांगले केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९०७ मध्ये त्यांनी इंडिया कौन्सिलवर दोन हिंदी सभासद नेमले. १९०९ मध्ये सत्येंद्रप्रसन्न सिन्हांना व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात घ्यायला लावले, तेव्हा राजे एडवर्डदेखील नाखूश होते. कायदे मंडळे वाढवली. बंगालच्या नऊ जणांना सोडा म्हणून मिंटोंच्या मागे तगादा लावला. ते फेब्रुवारी १९१० मध्ये सुटले. पण याच सुधारणांत मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघ आले. मोर्लेंची मूळ योजना संयुक्त मतदारांची होती. दडपण आले आणि त्यांनी ती सोडून दिली. शिवाय हिंदुस्थानात पार्लमेंटरी राज्यपद्धती आणण्याचा आपला हेतू नाही, हेही त्यांनी उमरावांच्या सभागृहात स्वच्छ सांगितले. ज्या सभागृहाची एक तर सुधारणा करा नाही तर ते बंद करा असे ते पूर्वी म्हणत, तिथेच १९०८ पासून ते व्हायकाउंट म्हणून बसत होते.

इथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. एका तालुक्याच्या गावी शाखेत असताना माझ्यासमोर एक कर्जप्रकरण आले. माझे मत प्रतिकूल होते, वरून निरोप अनुकूल होता. मी टिपणात सावधगिरीच्या दोन ओळी लिहिल्या आणि खाली शिफारस करून सही केली. त्या दोन ओळींमुळे मला रात्री झोप लागली, हे खरे. पण कर्ज मिळाले ते सहीमुळे. पुढे ते बुडाले आणि जामीन राहिलेल्या एका प्राथमिक शिक्षकाच्या पगारातून हप्ते कापले जाऊ लागले. ते गुरुजी रस्त्यात भेटले की मला नमस्कार करीत. त्यांना त्या दोन ओळींचा पत्ता नव्हता आणि असता तरी त्यांच्या काय कामाचा?

मोर्ले यांची ती सुंदर खासगी पत्रे वाचताना मला गुरुजींचा नमस्कार आठवतो.

ऑगस्टचे चार दिवस

नोव्हेंबर १९१० मध्ये मोर्ले यांनी इंडिया ऑफिस सोडले, पण प्रीव्ही कौन्सिलचे अध्यक्ष म्हणून ते मंत्रिमंडळात राहिले. राजीनाम्याची धमकी देण्याची त्यांची सवय सहकाऱ्यांच्या चेष्टेचा विषय झाली होती. म्हातारा जातो म्हणतो, जात नाही.

जून १९१४ च्या अखेरीस साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला. महिनाभर इंग्लंडचे मंत्री आयर्लंडच्या भांडणातच गुंतले होते. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ऑस्ट्रिया, रशिया, जर्मनी, फ्रान्स एकामागून एक ओढले जाऊ लागले तेव्हा परराष्ट्रमंत्री ग्रे यांनी विषय टेबलावर आणला. मंत्रिमंडळात युद्ध नको म्हणणारे सुरुवातीला बरेच होते आणि मोर्ले त्यांचे वडीलधारे. फ्रान्सच्या सेनाधिकाऱ्यांशी १९०६ पासून चाललेल्या बोलण्यांनी देशाला आधीच बांधून टाकले आहे, हे त्यांना खुपत होते. दुसरी गोष्ट रशियाची. जर्मनीच्या लष्करशाहीविरुद्ध लढायचे म्हणजे झारच्या जुलमी सत्तेला बळ द्यायचे. युरोपातल्या स्वातंत्र्याचा यात कोणता लाभ, असा त्यांचा सवाल होता.

२ ऑगस्टला, रविवारी, मंत्रिमंडळ दोनदा बसले. फ्रान्सच्या किनाऱ्याला इंग्लिश आरमाराचे संरक्षण देण्याचे ठरले. कामगारांतून वर आलेले मंत्री जॉन बर्न्स यांनी तिथेच राजीनाम्याचे बोलून दाखवले. सोमवारी सकाळी मोर्ले यांचा राजीनामा गेला. सर जॉन सायमन आणि लॉर्ड ब्यूचॅम्प यांनीही दिला. जर्मनीने बेल्जियमला निर्वाणीचा खलिता दिल्याची बातमी आली आणि वारे फिरले. पंतप्रधान ॲस्क्विथ यांनी सर्वांची मनधरणी केली. सायमन आणि ब्यूचॅम्प यांनी राजीनामे मागे घेतले. बोअर युद्धात जीव वाचवून पळालेले लॉइड जॉर्ज मंत्रिमंडळातच राहिले आणि अडीच वर्षांत युद्धकालीन पंतप्रधान झाले. मोर्ले आणि बर्न्स परतले नाहीत. ४ ऑगस्टच्या रात्री अकरा वाजता इंग्लंड युद्धात उतरले. मोर्ले यांच्या रिकाम्या खुर्चीवर ब्यूचॅम्प येऊन बसले.

बेल्जियमवर जर्मनीने उघड आक्रमण केले होते. तेव्हा मोर्ले यांचे मत बरोबरच होते असा निवाडा मी देणार नाही. इतिहासकार अजून वाद घालतात. मला महत्त्वाचे वाटते ते हे की, त्यांनी मत आणि खुर्ची यांत भेसळ केली नाही. मी गेलो तर माझ्या जागी वाईट माणूस येईल, आत राहूनच काही भले करता येईल, हा युक्तिवाद त्यांच्यापुढेही होताच. तो त्यांनी मानला नाही. मात्र पक्षनिष्ठेचाही मान राखला. संसदेत खुलासा केला नाही, सरकारविरुद्ध मोहीम उभारली नाही. त्या महिन्यातच सगळी हकीकत कागदावर उतरवली आणि बाजूला ठेवली. १९१७ मध्ये आठवणींचे दोन खंड आले, त्यात ती नव्हती. ती छापली गेली १९२८ मध्ये. मोर्ले तोवर जाऊन पाच वर्षे झाली होती. २३ सप्टेंबर १९२३ रोजी, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

ते मौन सभ्यपणाचे होते की अपुरेपणाचे? ज्याने मत सांगण्यात तडजोड नको असे शिकवले, त्याने देशाला ज्या क्षणी ऐकण्याची गरज होती त्याच क्षणी गप्प राहावे, हे मला पटत नाही. पण पंचाहत्तराव्या वर्षी उसळलेल्या जमावापुढे एकट्याने उभे राहणे मला जमले असते का, हेही मी स्वतःला विचारतो.

कल्पनेचा पल्ला

टिळक मंडालेहून जून १९१४ मध्ये पुण्याला परतले, मोर्लेंच्या राजीनाम्याच्या सात आठवडे आधी. युद्ध सुरू झाल्यावर टिळकांनी सरकारला साहाय्य करण्याचे जाहीर आवाहन केले; गांधीजी लंडनमध्ये शुश्रूषा पथक उभे करत होते. ज्याच्या कारकिर्दीत टिळक तुरुंगात गेले, तो युद्धाविरुद्ध घरी बसला होता आणि तुरुंगातून आलेले टिळक युद्धाला मदत करा म्हणत होते. यामागे टिळकांचे राजकीय गणित होते. पारतंत्र्यात निष्ठा हेही एक नाणे असते, ते केव्हा वटवायचे हे पाहावे लागते.

हिंदुस्थान युद्धात सामील झाला तो व्हाइसरॉयच्या घोषणेने. मोर्ले यांनी वाढवलेल्या कायदे मंडळांना उपप्रश्न विचारता येत होते, अंदाजपत्रकावर बोलता येत होते. परराष्ट्र व्यवहार चर्चेच्या बाहेर होता. म्हणजे ज्या प्रश्नावर मोर्ले यांना लंडनमध्ये राजीनामा देण्याचा हक्क होता, त्या प्रश्नावर त्यांच्याच सुधारणांनी निवडून आलेल्या हिंदी सभासदाला प्रश्न विचारण्याचाही नव्हता. दहा लाखांहून अधिक हिंदी माणसे परमुलखात गेली. सुमारे ७४ हजार परतली नाहीत. मेसोपोटेमियात कुट येथे वेढ्यात सापडलेली सहावी डिव्हिजन पुण्याच्या नावाची होती आणि तिच्यात मराठ्यांच्या पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ ला ती उपासमारीने शरण गेली. कैदेत किती जण वाळवंटातच संपले, त्याचा पत्ता गावाकडे महिनोन्महिने लागला नाही.

मग मोर्ले ढोंगी होते काय? मी कादंबऱ्या लिहितो. ढोंगी माणूस रंगवणे सोपे असते आणि मोर्ले यांच्यासारख्याला रंगवणे कठीण, एवढे मला ठाऊक आहे. मला सुचलेले उत्तर साधे आहे. युरोप त्यांच्या डोळ्यांसमोर होता. व्हॉल्टेअर-रूसोच्या फ्रान्सवर त्यांनी आयुष्याची वर्षे घालवली होती. तिथे तोफा धडाडल्या तर काय उद्ध्वस्त होईल, हे त्यांना दिसत होते. हिंदुस्थानात ते एकदाही आले नाहीत. हा देश त्यांना फायलींतून, तारांतून आणि मिंटोंच्या पत्रांतून भेटला. मंडालेची कोठडी, परळचा गिरणी कामगार, साताऱ्याकडची सैनिकाची आई त्यांना कधी दिसली नाही. जिथवर कल्पना पोचली, तिथवर सदसद्विवेकबुद्धी पोचली. त्यापुढे नुसती सही होती.

हा दोष एकट्या मोर्ले यांचा नाही. आपल्या समोरच्या अन्यायावर चिडून उठणारे आपण, आपल्याच सहीने दूर कुठे तरी काय होते याची चौकशी करत नाही. राजीनाम्याचा दिवस आयुष्यात एकदा येतो, कित्येकांच्या येतही नाही. सहीचा दिवस रोज असतो.

ते गुरुजी पुढे निवृत्त झाले. त्यांचे हप्ते फिटले तेव्हा माझी बदली झालेली होती.